यांच्या नंबरवरची सत्तावीस कार्डं

कोळीवाडा, पनवेल
गुरुवार, दुपार

ती. कृष्णाबाई वन्संना,

सोनाबाईचा वाकून नमस्कार. भावोजींनाही सांगा. सूनबाई किशोरी हे पत्र तुम्हाला वाचून दाखवत असेल, तिला आशीर्वाद. (किशोरी, कंसातलं मनातच वाच.) तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी दिलेलं तेल लावता की बाटली देव्हाऱ्याजवळ ठेवून नुसती बघता? बोंबील सुकायला टाकले असतील, तर पोरांना उन्हात राखणीला बसवा, स्वतः बसू नका. माझी तब्येत चांगली आहे. सकाळी बाजार, दुपारी वाचनालयातलं पुस्तक, संध्याकाळी सखूबाईची बडबड, असं चाललंय. पत्र घेऊन येणारा परेश हा त्याच सखूबाईचा मुलगा, रोज पहाटे तुमच्या करंजा बंदरात मासळीच्या लिलावाला येतो तो. त्याला चहा द्या आणि बसवून ठेवा, त्याला काहीतरी परत न्यायचं आहे. तुम्ही म्हणाल, फोन का नाही केला? वन्सं, फोनवर मी एक वाक्य बोलले की तुम्ही तीन बोलता, आणि ही हकीगत अशी आहे की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकायला हवी. कालपासून ती माझ्या पोटात मावत नाही. रात्रीचं जेवणही मी उभ्यानेच केलं.

तुम्हाला ती शाळेतली आधार कार्डाची छावणी आठवत असेल. बारा-तेरा वर्षं झाली त्याला. टेबलं मांडून सरकारी माणसं बोटांचे ठसे आणि डोळ्यांचे फोटो घेत होती, आणि तुम्ही नेमक्या सखूबाईच्या मोठीच्या हळदीला आला होतात म्हणून तुमचंही कार्ड इथेच निघालं. (हळद लागलेल्या हातांचे ठसे मशीन घेईना, म्हणून नवरीला दोनदा हात धुवायला पाठवलं होतं.) अर्जात मोबाईल नंबराचा एक रकाना होता. आळीत तेव्हा धड चालणारा मोबाईल आमच्या यांचाच, कारण यांचा बर्फाचा टेम्पो. बंदरात बोट लागायच्या आत नाखव्यांचे फोन यायचे, इतक्या लाद्या आणा म्हणून. झालं, हे टेबलाच्या कडेला उभे राहिले, अंगावर बर्फाच्या पाण्याने भिजलेला सदरा, आणि ज्याच्याकडे नंबर नाही त्याला सांगायला लागले, "माजा लावा, काय बिघडत नाय." आळीने तो लावला. मग ज्यांच्याकडे स्वतःचा नंबर होता त्यांनीही लावला, कारण स्वतःचा कुणाला पाठ नव्हता आणि यांचा सगळ्यांना पाठ होता. दुपारपर्यंत टेबलावरच्या साहेबाने विचारणंच सोडलं, तो आपण होऊन हाच नंबर लिहायला लागला. रांगेत भाजी विकणारी जुन्नरची एक बाई होती, तिच्या कार्डालाही हाच लागला. ती अजून अधूनमधून मला फोन करते आणि आमची आता चांगली ओळख झाली आहे.

पुढे बऱ्याच जणांनी आपापले नंबर घातले, काही जण गेले, तरी शेवटी सत्तावीस कार्डं यांच्या नंबरवर राहिली. रेशन असो, पेन्शन असो, दाखला असो, कुठेही कार्ड दाखवलं की ते माणूस खरं आहे का हे पाहायला सरकार एक सहा आकडी ओटीपी पाठवतं, आणि तो यायचा आमच्या घरी. दहा मिनिटं तो जिवंत असतो, मग मेला. हे होते तोवर धावपळ यांची होती. टेम्पो रस्त्याच्या कडेला लावून हे फोनवरून आकडे ओरडून सांगायचे, बर्फ वितळला तरी चालेल, पण आळीतलं कुणाचं काम अडता कामा नये. हे गेले आणि तो बटणांचा फोन माझ्याकडे आला.

चौदाव्या दिवशी पहिला ओटीपी आला, सखूबाईचा. मी तो वाचला. खाली लिहिलं होतं, हा नंबर कोणालाही सांगू नका. वन्सं, तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती होड्यांवर रंगवलेली नावं बघून बघून. होडीवर जे नाव लिहिलेलं असतं तीच ती होडी असते, म्हणून लिहिलेल्या गोष्टीवर माझा फार विश्वास. मी कोणालाही सांगितला नाही. सखूबाई दारात उभी, रेशनचा दुकानदार तिकडे खोळंबलेला, आणि मी म्हणतेय, नाही सांगता येणार, सरकारचा हुकूम आहे. तीन दिवस असं चाललं. ती आली की मी फोन पदराखाली घ्यायचे. चौथ्या दिवशी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "अगो सोने, नंबर माजा, कार्ड माजं, तांदूल माजा. माजा मलाच सांगायला सरकार कशाला नाय बोलंल?" मी त्यावर विचार केला. पटलं. त्या दिवसापासून मी सांगायला लागले, पण ज्याचा त्यालाच आणि कानात.

कोणता कुणाचा हे ओळखायचं कसं, तर संदेशात कार्डाचे शेवटचे चार आकडे येतात. मी सगळ्यांची कार्डं पाहून एक वही केली. पुढे ती वही बघायचीही गरज राहिली नाही. माणूस समोर दिसला की आधी त्याचे आकडे आठवायचे, मग नाव. एकदा देवळात हळदीकुंकवाला मी पुजाऱ्याच्या बायकोला एकोणचाळीस शून्य चार म्हणून हाक मारली आणि तिने ओ दिली. आंघोळीतून उठून, तव्यावरची सुरमई सोडून, एकदा तर अंत्ययात्रेतून मागे राहून मी ओटीपी पोचवले आहेत. रेंज यायची फक्त खाडीकडच्या भिंतीवर, तर मी भिंतीवर उभी असले की आळीला कळायचं, कुणाचं तरी सरकारी काम चाललंय. आणि माणसं किती खोटी बोलतात तेही मला तिथे कळलं. आपले रामूभाऊजी (यांचे चुलत भाऊ, किशोरी, तू त्यांना लग्नात नाचताना पाहिलंस ते) नाक्यावर बसून रोज सांगतात, सरकारची एक वस्तू मी घेणार नाय. आणि एक दिवस त्यांचा ओटीपी आला, एसटीच्या म्हाताऱ्यांच्या सवलतीसाठी. मी तो नाक्यावर घेऊन गेले, सगळ्यांसमोर. भाऊजी खाडीकडे बघत म्हणाले, कुणाचा हाय कुणास ठाऊक. मी परत आले. नवव्या मिनिटाला भाऊजी मागच्या दाराने हजर झाले.

आता मूळ गोष्ट. तेरा दिवसांपूर्वी मोबाईल कंपनीचा संदेश आला की या नंबरच्या ग्राहकाने पंधरा दिवसांत दुकानात स्वतः येऊन आपली ओळख पटवावी, नाहीतर नंबर बंद होईल. मुदत परवाच्या शनिवारची. आधी मला वाटलं चोरांचा संदेश असेल, हल्ली फार येतात. म्हणून मी एसटी स्टँडजवळच्या त्यांच्या दुकानात विचारायला गेले. तिथे समृद्धी नावाची मुलगी बसते, बोलायला गोड, केस मात्र सतत डोळ्यांवर. ती म्हणाली, संदेश खरा आहे, काकू, मिस्टरांना घेऊन या. मी म्हटलं, त्यांना येता येत नाही. ती म्हणाली, आजारी आहेत का, मग आमचा माणूस घरी येईल. मी म्हटलं, घरी पण नसतात. कुठे असतात, म्हणाली. मी म्हटलं, लांब असतात. मग तिने विचारलं, बोटीवर का? आणि वन्सं, मी मान हलवली.

तुम्हाला माहीत आहे, मी तोंडावर बोलणारी बाई. बाजारात शिळ्या पापलेटाला ताजं म्हणणाऱ्या बाईला तिच्या गिऱ्हाइकासमोर टोकते. पण हे गेले हे मी तीन वर्षांत एकाही खिडकीवर सांगितलं नव्हतं. दाखला काढून आणला तो पेटीत तळाला, साड्यांच्या खाली. नंबरात पैसे भरायचे ते महिन्याच्या महिन्याला भरत होते. आळीला मी सांगायचे, कंपनीला कळलं तर नंबर काढून घेतील आणि तुमची सत्तावीस कार्डं अडकतील. आळीला ते पटायचं. आळीला माझं सगळंच पटतं, कारण वही माझ्याकडे.

मी घरी येऊन सखूबाईला सांगितलं आणि तिथेच चूक झाली. संध्याकाळपर्यंत ओट्यावर सभा भरली. ठरलं काय, तर ग्राहकाला घेऊन या म्हणतात ना, मग ग्राहक नेऊ. रामूभाऊजींचा चेहरा यांच्यासारखाच आहे, फक्त अंग जास्त आणि केस पांढरे. जन्मतारीखही दोघांची एक जून, कारण दोघांना शाळेत एकाच गुरुजींनी घातलं. (आमच्या आळीत एक जूनला एकोणीस जणांचा वाढदिवस असतो आणि कुणीच साजरा करत नाही.) मी दोन दिवस नाही म्हणत होते. मग मुदत जवळ आली आणि मी हो म्हटलं. म्हटलं, सत्तावीस जणांचा प्रश्न आहे. पेटीतून यांचा निळ्या चौकड्यांचा सदरा काढून दिला. तो भाऊजींना पोटावर बसेना, तर सखूबाईने दोन बटणांच्या मधे टाचणी लावली. केसांना काळा रंग फासला, गुळगुळीत दाढी केली आणि काल सकाळी आम्ही दोघं रिक्षाने निघालो. रस्ताभर भाऊजी यांचं नाव, यांच्या बापाचं नाव, टेम्पोचा नंबर असं पाठ म्हणत होते, आणि मी मनातल्या मनात एकच शब्द घोटत होते, हो. कारण मला तेवढंच म्हणायचं होतं.

समृद्धीने खुर्ची दिली. नाव विचारलं, भाऊजींनी बरोबर सांगितलं. जन्मतारीख बरोबर. पत्ता बरोबर. टेम्पोचा नंबरही सांगून टाकला, तो कुणी विचारला नव्हता. बोटीवरून कधी आलात विचारलं, तर म्हणाले, सकाळच्या रिक्षाने. मग तिने मोबाईलचा कॅमेरा तोंडासमोर धरला आणि म्हणाली, डोळे मिटा, उघडा. वन्सं, भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांचे डोळे आपले चालूच. मशीन म्हणे, पुन्हा करा. मान डावीकडे करा. भाऊजी उजवीकडे. पुन्हा करा. उकाड्याने कपाळावरचा रंग खाली यायला लागला, एक काळी रेघ भुवईपर्यंत उतरली, मी पदराने पुसली तर ती गालापर्यंत पसरली. आणि तिसऱ्यांदा मान वळवताना टाचणी सुटली. भाऊजी ओरडले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. डोळ्यांत पाणी आलं पण बसून राहिले. मशीनने तिन्ही वेळा सांगितलं, चेहरा जुळत नाही.

मला वाटलं आता पोलीस. पण ती मुलगी समजूतदार, किंवा बाहेर रांग मोठी. ती म्हणाली, फोटो जुना आहे, माणसं बदलतात, मी वरच्या साहेबांना विचारून हाताने नोंद करते, फक्त घरच्या माणसाने ओळख द्यायला हवी. आणि माझ्याकडे वळून तिने विचारलं, "काकू, हे तुमचेच मिस्टर ना?"

एवढा एकच शब्द राहिला होता, वन्सं. मी भाऊजींकडे बघितलं. यांचा सदरा, आणि कॉलरवर ओघळलेला काळा रंग. यांनी तो सदरा तुमच्या नातवाच्या बारशाला घातला होता. माझं तोंड उघडलं ते घोटलेल्या शब्दासाठीच, पण तो आलाच नाही.

"नाही," मी म्हटलं. "माझे मिस्टर तीन वर्षांपूर्वी वारले."

रामूभाऊजी पोटावरची टाचणी चाचपत म्हणाले, "वैनी, हे दाढी करायच्या आधी बोलली असतीस तर." आणि मला हसू आलं. अशा जागी, अशा वाक्यानंतर, मला हसू आलं आणि मग ते थांबेना, आणि हसता हसता दुसरंही काही आलं. समृद्धीने पाणी आणून दिलं, कागद फाडून टोपलीत टाकला आणि आम्हाला हळू आवाजात चांगलंच झापलं, असा दुसऱ्याच्या नावाने माणूस उभा करणं गुन्हा आहे म्हणाली, परत करू नका. मी म्हटलं, परत जमायचंही नाही, एकच दीर आहे. मग ती म्हणाली, काकू, हे आधीच सांगायचं ना. वारलेल्या माणसाचा नंबर बायकोच्या नावावर करून मिळतो. मृत्यूचा दाखला, तुमचं कार्ड आणि त्यांच्या रक्ताच्या एका नातेवाईकाचं हरकत नसल्याचं पत्र, बस. दोन दिवसांचं काम.

वन्सं, तीन वर्षं मी ज्याच्यासाठी मान हलवत राहिले ते दोन दिवसांचं काम निघालं. बाहेर आले तर मला एकदम हलकं वाटलं. स्टँडसमोर आम्ही उसाचा रस प्यायलो. मला खरं म्हणजे त्या रसवाल्यालाही सांगावंसं वाटत होतं की माझे मिस्टर तीन वर्षांपूर्वी वारले, कारण एकदा सांगितल्यावर ते सांगता येतं असं कळलं होतं. नाही सांगितलं. पण रिक्षावाल्याला सांगितलं. तो म्हणाला, माझेही वडील गेल्याच वर्षी गेले, आणि आम्ही उरण नाक्यापर्यंत बोलत आलो. भाऊजी बाजूला बसून डोळे मिचकावत होते.

घरी आल्यावर पेटीतून दाखला काढला. तो तुमच्यासाठी नाही, माझ्याकडेच आहे. बाकी सगळं क्षेम. भावोजींना सांगा, विडी सोडली असं मला कळवू नका, सोडा. किशोरीच्या मुलांना लाड. मसाल्याची बरणी परेशकडे दिली आहे, झाकण सैल आहे, उभीच ठेवा.

तुमची भावजय,
सोनाबाई

ता. क. परेशजवळ एक कागद आहे. त्यावर मी सगळं लिहून दिलं आहे की काशीरामची बहीण म्हणून माझी हरकत नाही. खाली फुली केली आहे तिथे सही करा. रक्ताच्या तुम्ही एकट्याच उरलात. रामूभाऊजी चुलत, आणि त्यांना त्या दुकानात परत पाठवणं शक्य नाही. शनिवारी मुदत संपते, म्हणून परेशला कागद घेतल्याशिवाय उठू देऊ नका. तुमच्या मनात काही असेल, की भावाचं नाव कशाला काढायचं त्या नंबरावरून, तर मला ते कळतं. माझ्याही मनात तेच होतं.

ता. क. दुसरा. हे मला आत्ता चार वाजता कळलं, आणि वरचं पत्र खोडून नवीन लिहायला कागद नाही म्हणून इथेच लिहिते. सत्तावीस हा आकडा खोटा आहे. गेल्या आठ दिवसांत फोन वाजला नव्हता, मला वाटलं रेंज नाही. झालं असं की मुदतीचा संदेश आल्यावर मी दुकानाच्या चकरा मारत होते, आणि आळी एकेक करून कार्डाच्या केंद्रावर जाऊन मुलांचे नंबर लावून आली. मला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. सखूबाई सोमवारीच जाऊन आली. रामूभाऊजी तर मंगळवारी, म्हणजे दाढी करायच्या आदल्या दिवशी. मी विचारलं, मग काल नटून कशाला आलात? तर म्हणाले, "तुज्यासाठी, वैनी. नंबर तुला पायजे होता, आमाला नाय." मग मी जुन्नरच्या बाईला फोन लावला, तिचं तरी काम अडू नये म्हणून. ती म्हणाली, सोनाबाई, मी तर दोन वर्षांपूर्वीच बदलला, फोन करते तो तुमच्याशी बोलायला. तेव्हा आळीच्या सोयीसाठी सही द्या असं जे तुम्हाला वाटलं असेल ते पुसून टाका. सही मला हवी आहे, माझ्यासाठी.

ता. क. तिसरा. आता यांच्या नंबरवर दोन कार्डं उरली, माझं आणि तुमचं. तुमचे शेवटचे चार आकडे मला पाठ आहेत. हे गेल्यापासूनच्या तिन्ही भाऊबीजांना सकाळी अकराच्या सुमाराला त्या आकड्यांचा ओटीपी आला आहे. पहिल्या वर्षी मी दहा मिनिटं फोन हातात धरून बसले, तुम्ही विचाराल म्हणून. विचारलं नाहीत. दुसऱ्या वर्षीही नाही. भाऊबीजेला सरकारी कचेऱ्या बंद, म्हणजे काम कसलंच नव्हतं. तिसऱ्या वर्षी मी आंघोळ करून, फोन यांच्या फोटोसमोर पाटावर ठेवून बसले होते. वाजला. मीही तुम्हाला कधी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. करंज्यालाही कार्डाचं केंद्र उघडलंय म्हणतात, किशोरी तुम्हाला तिथे नेईल आणि तिचा नंबर लावून देईल, सोयीचंही तेच आहे. पण वन्सं, तेवढं एक काम करू नका.